निशिमुरा-सानांचं घोडं

उरायासु, जपान

तीर्थस्वरूप सदानंदमामांस,

शैलेंद्रचा दंडवत. तुमचा गुडघा, सुचित्रामामींची झोप आणि मिरजेचा पाणीपुरवठा, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघं अंगाने ठीक आहोत. (डोक्याचं पुढे येईलच.) स्वप्ना एदोगावातल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. मिताली तिसरीत गेली, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. ती मला उलटून बोलली की नाही हे कळायला मला शब्दकोश उघडावा लागतो. पत्र अशासाठी लिहितोय, की तुम्ही पोस्टात आयुष्य काढल्यामुळे पाकिटाला मान देता, आणि मुख्य म्हणजे आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही नाही. त्या ग्रुपवर मी नुसता शिंकलो, तरी पुण्यात आई काढा उकळायला ठेवते.

तर मामा, माझी नोकरी बहुधा जाणार, आणि ती एका चित्रापायी जाणार.

आम्ही ऑफिसात एका बेकरीसाठी सॉफ्टवेअर चालवतो. दुकानांतून पावाची ऑर्डर आली की बेकरीला कळवायची, एवढंच त्याचं काम. गेल्या पावसाळ्यापासून ते मधूनच एक ऑर्डर दोनदा कळवतं. आमच्या घराजवळच्या कोन्बिनीत (म्हणजे रात्रंदिवस उघडं असणारं कोपऱ्यावरचं दुकान) गोड पाव इतके येऊन पडले की बिचाऱ्यांनी ते शाम्पूच्या फळीवरही रचले. चूक कुठे आहे ते मला पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं. दुरुस्ती एका दुपारची. पण दुरुस्तीसाठी बैठक हवी, त्या बैठकीआधी पूर्वतयारीची बैठक हवी, आणि शेवटी आमचे विभागप्रमुख निशिमुरा-सान ('सान' म्हणजे आपलं 'राव') यांची मंजुरी. कोणीही नाराज नाही याची खात्री पटल्याशिवाय ते मंजुरी देत नाहीत, आणि कोणीतरी नाराज असतंच. (बरं, माणूस इतका सज्जन की रागावायचीही सोय नाही. मितालीला ताप आला तेव्हा स्वतः संत्र्यांची पेटी घेऊन आले, आणि आपल्यामुळे त्रास नको म्हणून दारातूनच वाकून परत गेले.)

पाव काही थांबेनात, तेव्हा निशिमुरा-सानांनी ठरवलं की आता काहीतरी वेगळा, सर्जनशील विचार करायला हवा. तो शिकायला त्यांनी मला त्सुकुबाला धाडलं. मलाच का, तर शून्याचा शोध भारतीयांनी लावला म्हणून. (आपल्या विभागात सध्या तेच शिल्लक आहे, हे ओठावर आलं होतं.) तिथे होशिनो नावाच्या बाईंनी विचारांचा नकाशा काढायला शिकवलं. कागद आडवा घ्यायचा, मधोमध अडचणीचं चित्र काढायचं, मग तिला झाडासारख्या फांद्या फुटू द्यायच्या. फांदी वाकडी हवी, रंगीत हवी, प्रत्येकीवर शक्यतो एकच शब्द. चूक-बरोबर म्हणायचं नाही, हात थांबवायचा नाही, आणि विचार ज्या भाषेत येईल त्याच भाषेत लिहायचा. खोटं कशाला सांगू, मला फार मजा आली. हातात स्केचपेन धरल्याला किती वर्षं झाली होती! परतीच्या गाडीत मी तिकिटामागेही एक फांदी काढली. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते ठाऊक असतं तर त्सुकुबातच राहिलो असतो.

सोमवारी मी भिंतीवर भलामोठा कागद लावला आणि मधोमध एकमेकांना चिकटलेले दोन पाव काढले. सगळ्यांना पेनं वाटली. कोणी जागचं हलेना. बऱ्याच वेळाने मोरिता-सान उठले. आमच्यातले हे सगळ्यांत नेटके गृहस्थ, बैठकांची इतिवृत्तं तेच लिहितात. फांदी किती जाड असावी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कितीही. ते घाबरले. मग म्हटलं, थोडी वाकडी असू द्या. त्यावर त्यांनी "किती अंशात?" असं विचारून खिशातून पट्टी काढली. कोणता शब्द कोणत्या फांदीवर, याला सगळ्यांची संमती घ्यावी असंही ठरलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत आमच्या झाडाला एकच फांदी आली होती. निळी, सरळसोट, आणि तिच्यावर शब्द होता 'काळजी'.

मामा, माणसाचा धीर सुटतो तो असा. सगळे आपापला डबा खात होते आणि मी त्या फांदीकडे बघत होतो. मनात म्हटलं, निदान आपला तरी हात थांबायला नको. लाल पेन उचललं आणि जे जे आलं ते मराठीत लिहीत सुटलो. मराठी इथे कोणाला वाचता येते? जाडजूड वाकडी फांदी काढली: 'घोडं पेंड कुठं खातंय?' तिला उपफांद्या: 'निशिमुरा', 'बैठक', 'बैठकीची बैठक', 'नाकापेक्षा मोती जड'. होशिनोबाईंच्या एका शब्दाच्या नियमाचा मी पार चुराडा केला. पण पाठीवर हात न पोचणाऱ्या जागी कोणीतरी खाजवावं तसं सुख झालं. वळून पाहतो तो मोरिता-सान कागदासमोर फोन धरून उभे. त्या फोनला सगळ्या भाषा येतात, एवढंच माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्यांनी भाषांतर खणखणीत आवाजात वाचलं. "घोडा आपलं खाद्य कोठे खात आहे? निशिमुरा. सभा. सभेची सभा. मोती नाकाहून वजनदार आहे."

निशिमुरा-सानांचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. मग ते अगदी हळू म्हणाले, "शैलेंद्र-सान, तो घोडा म्हणजे मी का?"

"नाही, नाही. घोडा म्हणजे आपलं काम. ते वाटेत कुठेतरी अडकलंय."

"कुठे?"

मामा, खोटं बोलण्याइतकं जपानी मला अजून येत नाही. मी म्हणालो, "तुमच्या टेबलापाशी."

निशिमुरा-सान कमरेत वाकले, डबा नीट बांधला आणि बाहेर गेले. तेव्हापासून ऑफिसात एकही बैठक झालेली नाही. लोक भेदरलेत. मोरिता-सान रिकाम्या बैठकीच्या खोलीत जाऊन उगीच दिवा लावून येतात. आणि मला निशिमुरा-सानांनी शुक्रवारी एकट्याला बोलावलंय. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं.

आईला मी सांगून बसलोय की एप्रिलमध्ये बढती घेऊन पुण्याला परत येतो. तिने आमची खोली रंगवून घेतली, मितालीसाठी शाळा पाहिली, सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. आता बढतीऐवजी नारळ घेऊन जायचं. ज्या सज्जन माणसाने माझ्या लेकीसाठी संत्री आणली, त्याला मी भर सभेत दुखावलं, हेही उरात सलतं ते वेगळंच. झोप अशी ती नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
शैलेंद्र

ता. क. पाकीट टेबलावरच राहिलं होतं, तोवर शुक्रवार झाला. निशिमुरा-सानांनी कोणालाही न विचारता दुरुस्तीला मंजुरी दिली. पाव एकेकदाच जाऊ लागले. ते म्हणाले, इतक्या वर्षांत मला हे कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं, मी तुमचा आभारी आहे. डोळे पुसलेसुद्धा. मीही पुसले. पुढे म्हणाले, असे नकाशे आता सगळ्या विभागांत काढायचे, दर सोमवारी 'घोड्याची बैठक' भरवायची, आणि हे सगळं पाहायला तुमचं कंत्राट तीन वर्षं वाढवलं आहे. डोळे ओले असताना माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, मामा. मी 'हो' म्हणालो. तर आता मुख्य विनंती. पुण्याला जाऊन हे आईला तुम्ही सांगा. तिचा थोरला भाऊ समोर असला की ती आवाज चढवत नाही.

ता. क. दुसरा. मामा, सा. न. मी स्वप्ना. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. आईंना मी कालच फोनवर सांगून टाकलं. आधी 'किती वर्षं?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "तीन वर्षं ना? मग मीच येते. ती तुमची काय ती बैठक घेतात त्यात त्याचा घसा बसत असेल." पासपोर्टची तयारी लगेच सुरू झाली आहे, पण जन्मतारखा जुळत नाहीत. आधारवर त्या तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत आणि शाळेच्या दाखल्यावर दोन महिन्यांनी मोठ्या. तेव्हा तुम्ही पुण्याला जाच, आणि तुमच्यात थोरलं कोण ते दोघं मिळून एकदाचं ठरवा. शैलेंद्रला मी अजून काही बोललेले नाही. आईला कसं कळवायचं या विवंचनेत गॅलरीत येरझाऱ्या घालतोय. आज रविवार आहे, एक दिवस घालू दे.