थांबलेले माग

अप्पा, तुमची शेड बंद होतेय. पुढच्या महिन्यात माग भंगारात जातील. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि ही बातमी तुम्हाला सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोणी असतं तर फार बरं झालं असतं.

अक्कलकोट रोडवरच्या ज्या टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही राबलात, तिथंच मी आता चीफ इन्फर्मेशन ऑफिसर आहे. नाव भारदस्त, पण सुरुवातीला प्रिंटर अडकला, मेल उघडेना, की मला हाक, एवढंच काम होतं. आता मालक बैठकीत मला शेजारी बसवतात आणि विचारतात, धंदा कुठं न्यायचा? मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू. प्रत्येक मागावर मी यंत्र बसवलं. कुठला माग किती वेळ चालला, किती वेळ थांबला, ते पडद्यावर दिसू लागलं. तुमची शेड सगळ्यांत जास्त थांबत होती. थांबण्याचं कारण लिहायला एक रकाना होता, पण तो भरण्यात कामगारांचा वेळ जातो म्हणून मीच काढून टाकला. बैठकीत मालक म्हणाले, "मग ही शेड बंदच करू या ना?" मी म्हणालो, आकडे तेच सांगतायत.

थांबण्याचं कारण मला माहीत होतं, अप्पा. अजून डोळ्यांसमोर आहे ते. कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली कामाला आहे. उभा धागा तुटलाय, तरी कापड जास्त निघावं म्हणून मी माग तसाच चालू ठेवलाय. तुम्ही जॉबर, शेडमधले सगळे माग सांभाळणारे. लांबून तरातरा येता, माग बंद करता, टॉवेलात पडलेली रेघ माझ्या नाकासमोर धरता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "ह्याला कापड म्हणायचं व्हय? धागा तुटला की थांबायचं. उद्या कोण तरी ह्यानं अंग पुसणार हाय." त्या दिवशी मी तुमच्याशी बोललो नाही, जेवलोही नाही.

परवा तुमच्या हाताखाली शिकलेले एक जुने विणकर माझ्या केबिनमध्ये आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. "साहेब, माग थांबला म्हंजे आमी बसून हुतो, असं लिवलंय व्हय? धागा तुटला की थांबायला तुमच्या अप्पांनीच शिकिवलंय की." मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. मालकांना खरं सांगायला अजून वेळ आहे. पण मग ते आकडे अर्धवट कोणी मांडले, हेही सांगावं लागेल, आणि बैठकीतली माझी खुर्ची जाईल. मी सांगणार नाही, हे मला आत्ताच कळतंय. स्वतःचा इतका वीट कधी आला नव्हता.

हे लिहिलेलं दाखवावं असं माणूस म्हणजे आईच, आणि तिलाच दाखवता येत नाही. शेड बंद होणार हे तिला शेजारणीकडून कळलं. रात्रीचं ताट वाढताना तिनं विचारलं, "ठरीवलं तवा तू नव्हतास व्हय रं तितं?" मी म्हणालो, नाही, मी त्या दिवशी पुण्याला होतो.