पाच माणसांची गाडी

प्रिय आई,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण ते लिहिलं की हात शाळेतल्या निबंधासारखा चालायला लागतो आणि मग ‘इकडे सर्व क्षेम’ वगैरे खोटंनाटं आपोआप उतरतं. म्हणून प्रिय. आवडलं नाही तर ताईंकडून खोडून घ्या. किती वेळा फोन केला, दरवेळी ताईच बोलल्या. कधी तुम्ही झोपलेल्या, कधी अंघोळीला, एकदा तर म्हणे गच्चीवर गेलेल्या. तुमचे गुडघे आणि गच्ची! तुमच्या लेकीला धड थाप मारता येत नाही, आई. असो. फोनवर यायचं नसेल तर नका येऊ. पण लिहिलेलं काही हातात पडलं की वाचल्याशिवाय तुम्ही सोडत नाही, पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचता, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या भरवशावर लिहायला बसले आहे.

माझं बरं चाललंय म्हणजे काम बरं चाललंय. इथे दवाखान्यात मला एक छोटी खोली दिली आहे, भिंतींना जाड गाद्या लावलेली, बाहेरचा टाचणीएवढा आवाज आत येत नाही. तुमच्या भाषेत मी ‘कानवाली’ ना, तर कान तपासायला माणसं येतात, हेडफोन लावतात, बारीकसा आवाज ऐकू आला की बटण दाबतात. मी काचेपलीकडे बसून बघते. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी आले की घरातही तसंच. फ्रिज घुरघुरला तर बरं वाटतं, कोणीतरी आहे म्हणून. परवा भांडी घासताना मी मोठ्याने म्हणाले, ‘चला, झालं एकदाचं.’ आणि स्वतःच दचकले. सकाळपासून घरात निघालेला तो पहिला शब्द होता.

पण मला सांगायचंय ते गाडीबद्दल. निघायच्या दिवशी किल्ली तुम्हीच माझ्या हातावर ठेवलीत, ‘घेऊन जा, इथे उभी राहून सडेल’ म्हणालात आणि आत जाऊन दार लावून घेतलंत. तेव्हा मला वाटलं, चला, एक प्रश्न मिटला. कसला मिटतोय! सीमेवर गाडी आत सोडली, पण ठरावीक मुदतीपुरतीच. त्या मुदतीत गाडी इथल्या सुरक्षेच्या नियमात बसली पाहिजे, तपासणी पास झाली पाहिजे, तरच इथला नंबर मिळणार. नाही बसली तर आल्या वाटेने परत न्या, नाहीतर भंगारात द्या. भंगार हा शब्द त्या माणसाने इतक्या सहज उच्चारला, की मला त्याच्या टेबलावरचा पंखा उचलून त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला. तुमच्या लेकाची गाडी आणि भंगार!

म्हणून धावपळ सुरू झाली. आधी दिवे. इथे सगळं उजव्या बाजूने चालतं, त्यामुळे आपल्या दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. ते दोन्ही बदलले. मग गाडीच्या कंपनीकडून दाखला आणला, की टक्कर झाली की पुढे फुगतात त्या फुग्यांमध्ये काही खोट राहिलेली नाही. तो यायला इतके दिवस लागले की माझा जीव टांगणीला लागला होता. एवढं सगळं करून ऐटीत तपासणी केंद्रावर गेले. तपासणारी बाई माझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेले, तोंडावरची माशी हलत नाही. खाली खड्ड्यात उतरून तिने बघितलं, चाकं हलवून बघितली, ब्रेक बघितले. सगळ्याला मान डोलावली. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग तिने मागचं दार उघडलं आणि विचारलं, मागच्या सीटचे पट्टे कुठे आहेत?

आई, मी त्या गाडीत इतकी वर्षं बसले, पण मागे पट्टे नाहीत हे मला कधी दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? मागची सीट म्हणजे तुमची जागा. पुढे बसलं की सगळं अंगावर येतं म्हणून तुम्ही कायम मागे, तेही मधोमध, आमच्या दोघांच्या डोक्यांमधून तोंड काढून. ‘हळू घे, कुत्रं आहे.’ ‘अगं बाई, तो बघ कसा आला!’ ‘इथून डावीकडे जवळ पडतं रे.’ पट्टा लाव म्हटलं की तुम्ही उखडायचात. मी काय गाय आहे का, दाव्याला बांधायला? तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव दावंच पडलं. ‘दावं लावलंस का?’ असं तो मला विचारायचा. आता त्या बाईला मी काय सांगणार होते? आमच्या सासूबाईंना दावं आवडत नाही, असं? तिने सीट दाबून बघितली, आत हा एवढा जाड स्पंज कसला घातलाय म्हणून विचारलं, आग लागली तर भडकन पेटेल म्हणाली, आणि गाडी नापास केली. वर आणखी एक. पट्टा न लावल्यावर पुढे जी टुणटुण वाजते, तिची तार कोणीतरी कापली आहे. कोणीतरी म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीत आहे. तुमची भाजीची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली की गाडीला वाटायचं माणूस बसलंय, आणि टुणटुण टुणटुण. ‘बंद कर ते आधी, डोकं उठलं’ म्हणालात आणि मातृभक्ताने लगेच पक्कड काढली.

गाडी एका मिस्त्रीकडे नेली. जाडसर, साठीचा माणूस आहे, बोलतो कमी, गुणगुणतो जास्त. त्याने मागच्या सीटचं कव्हर उसवलं. आत तुमच्या लेकाचा कारभार! तुम्हाला उंच बसता यावं, खिडकीतून बाहेरचं दिसावं म्हणून घातलेला स्पंज. पट्ट्याची कुलपं तुमच्या कमरेला टोचू नयेत म्हणून ती खाली ढकललेली, एकेक कुलूप जुन्या मोज्यात गुंडाळून. आणि बाजूच्या खाचेत जिथून पट्टा बाहेर यायला हवा, तिथे नुसतं बोटभर टोक. मिस्त्रीने ते चिमटीत धरून मला दाखवलं. पट्टा कापलेला होता, आणि धागे सुटू नयेत म्हणून कापलेली कड काडीने नीट जाळून घेतली होती. ती जळकी कड बघितली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई, तुमची ती भाजीची पिशवी! जिचा पट्टा तुम्ही सगळ्या शेजारणींना ओढून दाखवता, ‘दोन कलिंगडं घातली तरी ढिम्म हलत नाही, माझ्या लेकाने लावून दिलाय’ म्हणून! मोटारीचा पट्टा आहे तो. अख्खं माणूस टक्करीत धरून ठेवतो, कलिंगडांचं काय घेऊन बसलात!

मी तिथे गॅरेजमध्ये इतकी हसले, इतकी हसले, की मिस्त्री गुणगुणायचा थांबला. मग कधी हसण्याचं रडणं झालं ते कळलं नाही. त्याने एक स्टूल पुढे सरकवलं, तेलकट होतं, त्यावर स्वतःचं फडकं पसरलं आणि चहा आणायला निघून गेला. भला माणूस. तो गेल्यावर मी त्या उसवलेल्या सीटकडे बघत बसले. शेवटच्या महिन्यांत तुमचा लेक त्याच सीटवर आडवा व्हायचा ना, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून. मी पुढे गाडी चालवायची, आरशात मला फक्त तुमचा हात दिसायचा, त्याच्या कपाळावरून फिरणारा. दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या तशाच झाल्या. त्या वाटेवर तुम्ही कुत्रंसुद्धा दाखवत नव्हता.

चहा झाल्यावर मिस्त्रीने दोन वाटा सांगितल्या. मागचे पट्टे, कुलपं, सीट, सगळं कंपनीचं नवं मागवायचं. यायला वेळ लागतो, मुदत संपायच्या आत यायचं असेल तर लगेच सांगावं लागेल. नाहीतर सोपा उपाय. मागची सीट काढूनच टाकायची, बोल्टची भोकं बुजवायची, मागे सपाट फळी टाकायची आणि गाडी दोन माणसांची म्हणून पास करून घ्यायची. सीटच नाही म्हटल्यावर पट्टे कोण मागतंय? चार दिवसांत काम होईल. मात्र एकदा दोन माणसांची म्हणून नोंद झाली, की ती पुन्हा पाचाची करायला कोणी वाऱ्याला उभं राहत नाही. मग त्याने अगदी साधा प्रश्न विचारला, मागे बसतं कोण?

मी एकटी. कामावरच्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांच्या त्यांच्या गाड्या आहेत. खरं तर ‘कोणी नाही’ म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, ‘आई.’ तो म्हणाला, कुठे असतात? मी म्हटलं, तिकडे. त्याने हात पुसले, म्हणाला, मग घरी विचारा, या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत मला सांगा. गाडी तात्पुरती चालवायला परत दिली आहे. टुणटुणीची तार मात्र त्याने जोडली. आता माझी पर्स शेजारच्या सीटवर ठेवली की बोंब सुरू. पहिल्या दिवशी मी वैतागून पर्स खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, पर्सला पट्टाच बांधला. गाडी गप्प झाली. हल्ली रोज बांधते. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघतात, बघू देत. शेजारी कोणीतरी बसलंय असं निदान गाडीला तरी वाटतं.

परवा ताईंशी बोलले. त्यांनी सांगितलं नसतं, पण मी खोदून खोदून विचारलं, त्यांच्यावर रागावू नका. तो गेल्यावर तुम्ही रोज संध्याकाळी खाली उतरून गाडीचं दार उघडायचात आणि मागच्या सीटवर बसून भाजी निवडायचात. मला वाटायचं, घरात उकडतं म्हणून. ताई म्हणाल्या, आई अजून रोज भाजी घेऊन खाली जातात. गाडी उभी असायची त्या जागेशेजारच्या कठड्यावर बसतात. तिथे आता कोणीतरी स्कूटर लावतं, तर त्याला हाकलून देतात. फोनवर का येत नाही ते मला कळलं. राग असता तर तुम्ही आलाच असतात, चांगली झाडली असतीत. तुम्हाला राग दाबता येत नाही, रडणं मात्र बरोबर दाबता.

आता जे विचारायचंय ते विचारते. इतके दिवस विचारलं नाही, कारण मला कळत नव्हतं मी कोणत्या तोंडाने विचारावं. ज्याच्यामुळे मी तुमची सून, तोच राहिला नाही. लेकीचं घर एका जिन्यावर असताना परक्या देशातल्या सुनेने ‘माझ्याकडे राहायला या’ म्हणायचं म्हणजे हक्क कुठला? पण मिस्त्रीने विचारलं तेव्हा हक्काबिक्काचा विचार न करता तोंडातून तुमचंच नाव आलं. माझं घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. रस्त्याकडची खोली रिकामी आहे, खिडकीत बसलं की येणारं-जाणारं दिसतं. इथे तुम्हाला करमेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, भाषा कळणार नाही, सुरुवातीला फार वाईट वाटेल. मलाही वाटतं, रोज वाटतं. नवीन सीट बुटकी असेल, पण मिस्त्री म्हणाला, पास होईल असा उंच स्पंज मिळतो, माणसाची उंची कळवा. ती मला माहीत आहे. मुक्काम किती दिवसांचा ते तुम्ही ठरवा, महिनाभर म्हणालात तरी चालेल. मला नुसतं कळू दे, की मागची सीट ठेवायची की काढायची. पत्र लिहीत बसू नका, फोनवरही येऊ नका. त्या शुक्रवारी सकाळी मी ताईंना फोन करीन. त्यांच्याजवळ एकच शब्द सांगून ठेवा, ‘दोन’ किंवा ‘पाच’. ‘दोन’ म्हणालात तर मी मिस्त्रीला तसं सांगेन आणि तुमच्यावर जराही रुसणार नाही. पण आई, पाच म्हणा ना.

तुमचीच,
कानवाली