खिडकीखालचा आवाज

२ मे २००३, शुक्र.
सुमनला पुण्याच्या गाडीत बसवून आलो. रेखाला आठवा सरत आलाय. लेकीचं आता आईशिवाय चालत नाही, बापाशिवाय चालतं. बापासाठी तिनं दिवाळीतच टेपरेकॉर्डर आणि सहा कोऱ्या कॅसेटी आणून ठेवल्यात. "बाबा, बाळासाठी तुमचं सगळं बोलून ठेवा, अगदी लहानपणापासून. पण भाषण नको, गोष्ट सांगितल्यासारखं सांगा." चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला भाषण नको म्हणते.
भात लावला, करपला. बी.पी.ची गोळी घेतली.

४ मे, रवि.
दुपारी सुरुवात केली. औंढ्यात या दिवसांत बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दारं लावली, पंखा बंद केला, त्याची घरघर येते. पाऊण तास बोललो. गाव, महारवाडा (तेव्हा नाव तेच), आई, आक्का.
आक्कावर जास्तच वेळ गेला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला शाळेत कुणी घातलं नाही. मी शाळेतून आलो की चुलीपुढं बसवायची. "काय शिकविलं आज? सांग समदं." मी सांगायचो, ती भाकरी थापत मधेमधे "हं" म्हणायची. एखादा हुंकार चुकला की मला कळायचं, तिला पटलेलं नाही. मग तेवढं परत सांगायचं. माझी खरी परीक्षा तीच घ्यायची.
जाऊन बारा वर्षं झाली. याच घरात गेली.

५ मे
कालची कॅसेट ऐकली. माझा आवाज इतका चिरका आहे, कुणी सांगितलं नव्हतं.
आणि दुसरं एक. मी जिथं श्वास घ्यायला थांबलोय तिथं कुणीतरी "हं" म्हणतंय.
माझाच खाकरा असेल.

६ मे
खाकरा नाही. परत ऐकलं. बारीक आवाज, मुलीचा. जवळ बसून दिल्यासारखा.

८ मे
नव्या कॅसेटवरचा कागद स्वतः फाडला. दारं लावून हॉस्टेलचे दिवस सांगितले. हुंकार आहेतच. मग प्रयोग म्हणून पेपर मोठ्यानं वाचून भरला, अग्रलेखासकट. एकही हुंकार नाही. अग्रलेखात तिला रस नसावा.
"तिला" लिहिलं गेलं. खोडत नाही.
दूधवाल्याला मिनिटभर ऐकवलं. म्हणाला, "कोन बाई हाय गुरुजी? मायबाई तर पुन्याला गेल्या ना?" सुमनची आधीची सवय आहे म्हणालो, म्हणजे काय ते मलाही कळलं नाही. तो दूध घालून जरा घाईनंच गेला.
भीती वाटतेय. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतंय. बारा वर्षांत कुणी माझं एवढं मन लावून ऐकलं नव्हतं.

११ मे, रवि.
गावाकडून मुख्याध्यापक आणि सरपंच आले होते. दोघंही माझे विद्यार्थी, दोघंही वर्गात मागं बसायचे. शाळेच्या नव्या खोलीला माझं नाव देताहेत. १५ जूनला, रविवारी, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी कार्यक्रम. भिंतीवर "डिप्टीचा प्रसंग" रंगवायचा म्हणतात.
हा प्रसंग आता पंचक्रोशीत पाठ आहे. माझ्या निरोपाच्या मानपत्रातही छापला होता. ५३ साली शिक्षणखात्याचे डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले, वर्गाला विचारलं, "सतरा नव्वे किती?" पाटला-देशमुखांची पोरं गप्प. कोपऱ्यात वेगळं बसवलेल्या नऊ वर्षांच्या पोरानं तडक उत्तर दिलं. साहेबांनी मास्तरला हुकूम केला, या पोराला परभणीच्या हॉस्टेलात धाडा. तिथून पुढं मी.
सरपंच म्हणाला, "गुरुजी, लेकराबाळांनी रोज पाह्यलं पायजे ते चित्र. तुमच्या मागं ऱ्हाईल."
मी हो म्हणालो. चहा दोनदा केला.

१३ मे, मंगळ.
आज तो प्रसंग भरला. लगेच ऐकला.
गाव, शाळेची वाट, गोठ्यातली शाळा, इथपर्यंत हुंकार बरोबर येत होते. डिप्टी वर्गात आले आणि बंद. मी बोलतोय, थांबतोय, मधे नुसती पोकळी. "सतरा नव्वे किती?" नंतर मी भाषणात नेहमी जरा थांबतो, टाळ्यांची जागा असते ती. टेपवरही थांबलोय.
त्या जागेत, मी बोलायच्या आधी, तिनं सांगितलं. "एकशे त्रेपन्न."
बटण दाबताना टेप खाली पडला. उन्हात ओट्यावर जाऊन बसलो. चप्पल घालायचं भान नव्हतं, पाय पोळले.

१४ मे
लिहून टाकतो. पन्नास वर्षांत कुठंच लिहिलं नाही.
आमच्या वस्तीतल्या तीन पोरांना कोपऱ्यात खिडकीखाली बसवत. त्या दिवशी दुसरे दोघं आले नव्हते. आक्का माझी भाकरी घेऊन यायची आणि खिडकीबाहेर, भिंतीला पाठ लावून, शाळा सुटेतो ऐकत बसायची. मास्तरला दिसली तर ढेकूळ मारायचा, म्हणून खाली बसून.
डिप्टी टेबलावर मान घालून काही लिहीत होते. लिहिता लिहिताच विचारलं. उत्तर खिडकीतून आलं. आक्काला राहवलं नसावं. साहेबांनी मान वर केली. "कौन बोला?" सगळा वर्ग आमच्या कोपऱ्याकडं वळला, आणि कोपऱ्यात मी एकटा.
मी उभा राहिलो.
मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. मास्तरला कळलं असेल का? कळूनही काय म्हणणार होता, बाहेरची पोरगी बोलली म्हणून?
एवढं तरी समजण्यासारखं आहे. नऊ वर्षांचं पोर, घाबरलं, उठलं. पण संध्याकाळी आक्कानं चुलीपुढं बसवलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "काय झालं आज शाळंत?" मी म्हणालो, डिप्टी आले होते, मी उत्तर दिलं.
ती म्हणाली, "हं."
भाकरी उलटली आणि परत म्हणाली, "हं, मंग?"
पुढं जन्मभर आम्ही दोघांनी त्यावर अक्षर काढलं नाही. मी मास्तर झालो. ती लोकांच्या शेतात निंदत-खुरपत राहिली. तिच्या लेकीला, कुसुमला, मी बारावीपर्यंत शिकवलं, जवळा बाजारच्या अंगणवाडीत लावलं. लोक म्हणतात, मामा असावा तर असा. कुसुमही म्हणते.

१९ मे
शाळेवर जाऊन आलो. रंगारी वारंगा फाट्याचा, ट्रकमागची कमळं-मोर रंगवणारा. डिप्टीसाहेबांना मोठा फेटा दिलाय. मी हाताची घडी घालून, गोरापान. मागं खिडकी. मी खिडकीचं काही सांगितलं नव्हतं.
म्हणालो, ही कशाला काढलीस?
"शाळा म्हनल्यावर खिडकी पायजेच की गुरुजी. पर तिच्याखाली रंग धरून न्हाई राहिला. तीनदा मारला. सुकतोय अन् पापुद्रा सुटतोय."
ओल असेल म्हणालो. मे महिन्यात, नव्या भिंतीला, बाहेर बेचाळीस ऊन. हात लावून पाहिला. भिंत थंड होती. कुणी पाठ टेकून आत्ताच उठून गेल्यासारखी नाही, त्याच्या उलट, कधीच कुणाचा स्पर्श न झालेली.
फाट्यावर उसाचा रस घेतला, अर्धा तसाच ठेवून निघालो.

२२ मे
रेखाचा फोन. "किती कॅसेट झाल्या?" दोन म्हणालो. "डिप्टींची गोष्ट भरली ना? तीच हवी मला. बाळाला पहिली तीच ऐकवणार."
काय ऐकवू? चित्रातला आजोबा की चोर आजोबा? परत भरून पाहिली ती गोष्ट, घाईघाईत, कुठंही न थांबता. तरी माझ्या शब्दांच्या आडून उत्तर येतंच. माझ्या आधी. दर वेळी माझ्या आधी.
आक्का, तू चिडलेली असतीस तर सोपं गेलं असतं गं.

२५ मे, रवि.
कुसुम आली, आंबे घेऊन. मामी नाही म्हणून चार दिवसांचं पिठलं-भाकरीचं करून ठेवू म्हणाली. मी तिला बसवलं आणि सांगितलं. सगळं, चुलीपर्यंतचं. टेपबद्दल नाही सांगितलं, म्हातारा चळला म्हणेल.
ती पदराला हात पुसत राहिली, पुसून झाले तरी. मग म्हणाली, "माय मेली तवा तिचं डोस्कं तुमच्या मांडीवर व्हतं, मामा. तवा तरी म्हनायचं."
मी म्हणालो, धीर झाला नाही.
"चौतीस वर्षं लेकरायला खरं बोला म्हनून शिकविलं तुमी."
भाकरी न थापताच गेली. आंब्याची पिशवी दारातच राहिली. संध्याकाळच्या गाडीला अजून दोन तास होते, स्टँडवर बसून काढले असतील तिनं.

३० मे
कुसुमचा निरोप नाही, फोन नाही. अंगणवाडीशेजारच्या दुकानात दोनदा फोन लावला. "कामात हाय म्हनती."
मला लाज वाटते. भीती संपली, आता नुसती लाज.

३ जून, मंगळ.
पहाटे पुण्याहून फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप. सुमन म्हणते, कपाळ थेट माझ्यासारखं, म्हणजे आक्कासारखंच.
रडलो. गूळ वाटला.

८ जून, रवि.
कुसुम आली. न बसताच म्हणाली, "तुमच्या दूधवाल्याची बायको आमच्या गावची हाय. टेपात बाई बोलती म्हनून सांगू राहिली बाजारात. माय हाय का?"
मी कॅसेट लावली. डिप्टीचीच लावली, आता काय झाकायचं.
तिनं कान टेपाला लावला. मी बघत होतो. ती एकेका जागी मान हलवत होती, मग तोंडात पदर कोंबला. "तिचाच हाय आवाज. मामा, पोरीवानी हाय, पर तिचाच हाय."
मला काही ऐकू आलं नाही. माझाच चिरका आवाज, मधल्या रिकाम्या जागा, आणि परत माझाच आवाज. सतरा नव्वे किती, शांतता, मग मी, "एकशे त्रेपन्न."
"आत्ता बोलली ना?" मी विचारलं.
"तुमाला न्हाई आलं ऐकू?"
नाही म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं. राग होता, पण नुसता राग नव्हता. कॅसेट काढून तिनं पिशवीत टाकली. मागितली नाही. मीही अडवलं नाही.

९ जून
उरलेल्या कॅसेटी लावून बघितल्या. हॉस्टेल, नोकरी, सुमनशी लग्न. एकही हुंकार नाही. घर फारच मोठं आहे हे.

१२ जून
सरपंचाला फोन केला. चित्र पुसा, प्रसंग तसा घडलेला नाही म्हणालो. आधी त्याला गंमत वाटली. मग म्हणाला, "गुरुजी, पत्रिका वाटून झाल्या, आमदार येऊन राहिलेत. पन्नास वर्षं तुमीच सांगितलं, आमी ऐकलं. आता काहून असं?" तब्येतीची चौकशी केली आणि ठेवला.
पत्रिकेत माझं भाषण शेवटी आहे. म्हणजे मला तिथं उभं राहूनच सांगावं लागणार, त्या चित्रापुढं, आमदार, विद्यार्थी, त्यांची लेकरं, सगळ्यांसमोर. रेखाला अजून सांगितलेलं नाही. ती बाळंतीण आहे, हे कारण चांगलं सापडलंय.

१४ जून
भाषण लिहिलं. चार पानं. वाचून बघितलं. खरं आहे सगळं, पण त्यातही मीच मीच. कबुली देणारा थोर गुरुजी. याच्यावरही टाळ्या पडतील. खोटं सांगून टाळ्या घेतल्या, आता खरं सांगून घेणार. फाडलं. परत लिहिलं, दीड पान. तेही तसंच.
तात्पुरतं खिशात ठेवलंय.

१५ जून, रवि., सकाळी साडेआठ
कुसुम सातलाच आली. पांढरी साडी, नवी. पाणी प्यायली नाही. ओट्यावर बसून होती. मी धोतर नेसून बाहेर आलो तर उठून उभी राहिली आणि म्हणाली,
"मामा, आज तुमी बोलू नका. मी बोलते."
पत्रिकेत नाव नाही तिचं. सरपंच चिडेल, आमदाराची गाडी लवकर निघायची असेल. शे-दीडशे माणसांपुढं ती कधी बोललेली नाही. काय सांगेल? मामानं चोरलं म्हणेल, की माय हुशार होती एवढंच म्हणेल, की टेपच लावेल? रेखाच्या लेकीपर्यंत यातलं काय पोचेल, हे आता मला ठरवता येणार नाही.
खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. तिला म्हणालो, बोल.
जीप आलीय. ती पुढं जाऊन बसलीसुद्धा.