हिरवी चौकट कुणावर बसली

आदरणीय सुमरिया बिब्बी,

अस्सलामु अलैकुम. तुमचा पुतण्या होस्नान इथे सुखरूप आहे (आजपर्यंत), आणि तुमचा गुडघा, तुमच्या बहिणीची सुराबायातली भाताची टपरी व टपरीवरचा गळका पत्रा ही तिन्ही बरी असोत अशी दुआ करतो. मिसराजीकाकांच्या चाळिसाव्याचा भात वाटून तुम्ही गेलात, तेव्हापासून तुमच्या मिरचीच्या झाडांना मीच पाणी घालतो. फोन करायला हवा होता, पण आमच्या वडिलांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी फोनवर बोललो की एप्पा भिंतीपलीकडून उत्तरं देतात. शिवाय पत्रात एखादा शब्द चुकला तर खोडता येतो. काम विशेष काही नाही. कॅमेऱ्याची एक गंमत कळवायची आहे, ती वाचून घाबरू नये. मी घाबरलेलो नाही.

लग्नांसाठी घेतलेला कॅमेरा एप्पांनी यंदा बैलांच्या शर्यतीला लावला. समोरून अंगावर येणाऱ्या बैलांचं चित्रण करताना एकदाच फोकस धरून भागत नाही. बटण दाबलं तेव्हा बैल जिथे होते तिथली धूळ स्पष्ट येते, आणि बैल म्हणजे दोन तपकिरी ढग. (एका हाजीसाहेबांच्या जोडीचं मी मागे असंच करून ठेवलं, ते अजून माझा सलाम घेत नाहीत.) म्हणून कंटिन्युअस ऑटोफोकस ठेवायचा, म्हणजे सतत धावणारा. पडद्यावर एक हिरवी चौकट येते, ज्याला धरते त्याच्या मागे मागे जाते, आणि तो जवळ येईल तसं भिंग आपलं आपण जुळवून घेतं. मध्ये कुणी आडवं आलं तर चौकटीने त्याच्यावर उडी मारायची की पहिल्यालाच चिकटून राहायचं, हेही आधी ठरवता येतं. शर्यतीत लोक आडवे येतातच, म्हणून मी ती अगदी चिकट करून ठेवली. एकदा पकडलेलं सोडायचं नाही. इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही.

सांपांगच्या मैदानात आपली जोडी सुटली. बैलांच्या मधल्या लाकडावर, जिथे काका उभे राहायचे तिथे, एप्पांनी भाड्याने आणलेला रोफिकी होता. चौकट त्याच्या तोंडावर बसली. अर्ध्या वाटेत रोफिकी पडला (हाडं शाबूत आहेत, मुठीत तेवढे बैलाच्या शेपटीचे केस राहिले). मला वाटलं, चौकटही त्याच्याबरोबर जमिनीवर जाईल. ती गेली नाही. रिकाम्या लाकडावर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, तशीच हिरवीगार राहिली आणि बैलांबरोबर माझ्याकडे येत राहिली. बैलही सरळ रेघेत आले, हाकणाऱ्याशिवाय ते कधीच येत नाहीत तसे, आणि पहिले आले. लोक आधी ओरडत होते, मग एकेक जण मागे सरकला. कारण लाकूड डावीकडे झुकलं होतं. काका झुकायचे तेवढंच.

लाकडावर माणूस नाही तर विजय नाही, असं पंच म्हणाले. एप्पा म्हणाले, "आधी माझ्या पोराचा कॅमेरा बघा, मग तोंड उघडा!" चौकट चित्रात उमटत नाही, ती फक्त घेताना दिसते, हे मी पंचांना नीट समजावलं. पण भिंगाने काय धरलं ते लपत नाही. पुढे बैलांची शिंगं धूसर, मागची माणसं धूसर, आणि मध्ये लाकडावर हवेतल्या धुळीचा कण न् कण स्पष्ट. माणसाच्या रुंदीचा पट्टा, डावीकडे कललेला. थोरले पंच दुराहमान (काकांशी शर्यती हरत म्हातारे झालेले) टोपी सारखी करून पुटपुटले, "मिसराजी, मेल्या, मेल्यावर तरी सरळ उभा राहा की!" एप्पा ओरडले, "बघा! होता की नाही हाकणारा?" शेवटी निकाल असा लागला, की येत्या रविवारी शर्यत पुन्हा घ्यायची, लाकडावर जिवंत माणूस उभा पाहिजे, दुसरा कुणी शेजारी उभा राहणार असेल तर राहू दे, वजन तुमचंच वाढेल.

घरात सगळ्यांत हलका मी आहे. मी म्हटलं, मला सायकलसुद्धा धड येत नाही. एप्पा म्हणाले, "तुला नुसतं उभं राहायचंय, गाढवा. हाकायला तो आहे की!" मी म्हटलं, मग कॅमेरा कोण बघणार? तर म्हणाले, "तो आपला आपण बघतो म्हणून वर्षभर कोण सांगत होतं?"

तर अशी गंमत. गुडघ्याला शेक द्यावा. टपरीवर सर्वांना सलाम.

तुमचा पुतण्या,
होस्नान

ता. क. रविवारी यायला जमेल का? काकांनी पंचांचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही. पण रोज संध्याकाळी तुम्ही कुंपणाशी येऊन "अहो, उतरा आता, भाताचा दगड झाला!" म्हणालात की सराव सोडून मुकाट्याने लाकडावरून उतरायचे. तेवढं एकदा म्हणावं. काका उतरले तर एप्पा मला लाकडावर चढवणार नाहीत. मला बैल हाकता येत नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे.

आणखी एक ता. क. टपरी सोडवत नसेल तर फोनमध्ये बोलून पाठवलं तरी चालेल. आवाज रागाचा असावा.

शेवटचा ता. क. वरच्या दोन्हींकडे लक्ष देऊ नये. कॅमेराच बिघडला असेल म्हणून आज सकाळी तो ओसरीवर ठेवला, पडदा माझ्याकडे वळवला आणि फाटकाकडे पाठ करून अंगणात उभा राहिलो. चौकट माझ्या तोंडावर बसली, मग सरकून डाव्या खांद्यामागे गेली आणि तिथेच थांबली. मला मान वळवता येईना. ताईच्या लग्नाच्या चित्रणात मांडवामागून तुम्ही काकांना जेवायला हाक मारता, ते माझ्या फोनमध्ये आहे, ते लावलं. तुमचा आवाज आला तशी चौकट खांद्यावरून सुटली, फाटकाशी गेली, काका चपला घालताना वाकायचे तेवढी खाली वाकली, आणि सुराबायाच्या रस्त्याने लहान लहान होत गेली. एप्पांनीही ओसरीवरून पाहिलं. रविवारसाठी रोफिकीलाच निरोप धाडला. आता चौकट फक्त माझ्यावर बसते.

बिब्बी, भात थोडा जास्त टाकावा. आणि गरम ठेवावा.