आपा, तो बार नाही, ओटा आहे

अल खोबर
शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१३

आदरणीय खैरुन्निसा आपांना धाकटी भावजय रुकय्या हिचा अदबीने सलाम.

अल्लाहच्या मेहेरबानीने इथे आम्ही तिघं बरे आहोत. तुमची कंबर, दुल्हेभाईंची साखर आणि मागच्या अंगणातली चिकूची कलमं बरी असावीत, ही दुआ. (चिकूचं नक्की विचार, असं तुमच्या भावाने दोनदा बजावलंय. स्वतः विचारायची हिंमत नाही.) पत्राचं कारण असं, की गेले सव्वीस दिवस तुम्ही आमचा फोन उचलला नाहीत. सव्वीस हा आकडा अंदाजे नाही, वहीत आहे. मी दहावीपर्यंतच शिकले, पण नोंद ठेवायला तेवढं पुरतं.

तुमच्या रागाचं कारण मला ठाऊक आहे. तुमच्या वाडीतला इसहाक, जो इथे रास तनुरा गावी कामाला आहे, तो आमच्याकडे जेवायला आला, माझ्या हातची सांदणं सात खाल्ली, आणि जाताना मोबाइलवर फोटो काढून सगळ्या दाभोळला पाठवला. त्यात लांबलचक लाकडी ओटा, पायाशी पितळी दांडी, दोन उंच स्टुलं, मागे आरसा, आरशापुढे लाल भडक बाटल्या, आणि मधोमध दोन्ही हात पसरून हसणारा तुमचा भाऊ. खाली इसहाकने लिहिलं, ‘यासीनभाईंचा बार’. आपा, तुमच्या जागी मी असते तर मीही फोन उचलला नसता. पण काय घडलं ते ऐका आणि मग रागवा. (पत्र इसहाकच्याच हाती पाठवते आहे. ईदला तो घरी येतोय. त्याला एवढी शिक्षा पुरे.)

आमचा जुना फ्लॅट सुटला तेव्हा कफीलने, म्हणजे यांच्या कारखान्याचा मालक अबू सुलतान याने, आपल्या घराखालचं तळघर आम्हाला दिलं. राहा, पण डागडुजी तुम्हीच करा, म्हणाला. खिडकी एक नाही, भिंतींना ओल, आणि कोपऱ्यात त्यांच्या लग्नातला सोफा, ज्यात उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. त्याच महिन्यात सौदीकरणाची गडबड उडाली. प्रत्येक दुकानात, कारखान्यात अमुक इतके सौदी हवेतच, आणि इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, जो धंदा लिहिलाय तोच माणसाने करायचा. तुमचा भाऊ एकोणीस वर्षं फोरमन, पण इकाम्यावर अजून ‘सुतार’. कारखान्यातल्या अकरा माणसांपैकी चौघं परत जाणार आणि यादी कफीलच करणार, असं कळलं. त्या दिवसापासून यांनी बोलणं टाकलं. आमच्या रुमानाने विचारलं, “पप्पा, आर वी गोइंग बॅक?” तर हे उठून भिंतीचा पोपडा खरवडायला लागले. जेवणही अर्धं. माणूस असा गप्प झाला की घरात नळ गळतोय तेसुद्धा ऐकू येतं.

एक दिवस कारखान्यातले उरलेले सागवानी तुकडे मागून आणले. (विचारून, आपा. कफीलच्या परवानगीने. चिठ्ठी जपून ठेवली आहे.) तुम्हाला आठवत असेल, लग्नाआधी हे मुंबईला एका हॉटेलाचं काम करायचे. तिथे यांनी बारचा ओटा घडवला होता, त्याची कड अशी गोल वळवली होती, की मालकाने हात फिरवून डोळे मिटले. ते काम यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम. थेंबाला शिवले नाहीत, पण तो ओटा विसरले नाहीत. खोबरला आल्यापासून बावीस वर्षं नुसती ऑफिसची टेबलं आणि फायलींची कपाटं. “परत जायचंच असेल,” मला म्हणाले, “तर एकदा तसली कड पुन्हा वळवून जातो.” महिनाभराने तोंडातून पूर्ण वाक्य आलं, आपा. मी काय नाही म्हणणार?

मात्र ‘बार’ हा शब्द मी घरात बोलू दिला नाही. ओटा म्हणायचं. रुमाना म्हणाली, “अम्मी, इट्स अ बार.” मी म्हटलं, ओटा. स्टुलांनाही माझा विरोधच होता. मी एकदा चढून बघितलं, माझे पाय दांडीपर्यंत पोहोचेनात, शाळेतल्या पोरीसारखे लोंबत राहिले. हे काय बाईमाणसाने बसायचं आसन?

आता खरी चूक सांगते, आणि ती आपल्याच लोकांना साधेल अशी आहे. डागडुजी होईतो मी वर अबू सुलतानच्या बायकोकडे, उम्म सुलतानकडे, नमाज पढायचे; आता तळघरातच किबला, म्हणजे मक्केची दिशा, ठरवायची होती. हे जिना उतरून मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, “समुद्र इकडे, म्हणजे किबला इकडे.” मलाही ते इतकं बरोबर वाटलं! दाभोळला जन्मभर समुद्राकडेच तोंड करून नमाज पढलो ना. मग समुद्राकडची भिंत मुसल्ला अंथरून नमाज पढायला मोकळी सोडली आणि ओटा समोरच्या भिंतीला लावला. हे मशिदीत जातात, घरी नमाज पढणारी मी. आठ दिवस मी मनोभावे पढले. आणि खोबरचा समुद्र, आपा, पूर्वेला आहे, मक्का पश्चिमेला.

हे उघड झालं ते अबू सुलतान यादी घेऊन आला त्या दिवशी. वरून निरोप आला, शेख खाली येतोय. फोटो दाभोळला पोहोचतो, तर जिन्यावरून खाली यायला कितीसा वेळ? नोकरी राहो, उद्या पोलीस आले तर? घाईने ओट्यावर डबल बेडची चादर टाकली. तो आला, बसला, खिशातून कागद काढला, तेवढ्यात असरची अजान झाली. कागद परत खिशात. त्याने माझा मुसल्ला उचलला आणि सरळ ओट्याकडे तोंड करून अंथरला. यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. मी पडद्याआड स्वयंपाकघरात होते, तिथूनच फटीतून बघत राहिले.

नमाज सुरू झाली. पुढे शेख, मागे तुमचा भाऊ, आणि बाजूला आमचा पंखा, जो मान फिरवतो. तो ओट्याकडे वळला की चादर बोटभर सरकायची. दुसऱ्या रकातीत एक स्टूल दिसलं. तिसऱ्या रकातीत दांडी. चौथ्यात चादर सुर्रकन खाली आली आणि लाल बाटल्या आरशासकट, म्हणजे दुप्पट, शेखसमोर उभ्या राहिल्या. नमाज मोडायची कुणी? त्याने शांतपणे उजवीकडे सलाम फिरवला, डावीकडे फिरवला, आणि दुआ एवढी लांबवली की माझ्या मनात आमच्या तिघांच्या बॅगा भरून झाल्या.

मग तो उठला, बाटली उघडली, नाकाशी धरली. “यासीन, एश हादा?” हे काय, म्हणून विचारलं. हे चादर गोळा करायला वाकले. बावीस वर्षांत परपुरुषासमोर माझा आवाज निघाला नव्हता, पण मी पडद्याआडून ओरडले, “शरबत, बाबा! हिंदी शरबत! पिऊन बघा!” त्याने पेला भरला. प्याला. दुसरा भरला. स्टुलावर चढला, पाय दांडीवर टेकवला, ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. आणि आपा, त्याने डोळे मिटले.

तिसऱ्या पेल्यानंतर म्हणाला, “फोरमनच्या खुर्चीवर माझा सुलतान बसेल. त्याला खिळासुद्धा ठोकता येत नाही. तू सुतार म्हणून राहा आणि त्याला शिकव. खलास.” यांचं नाव यादीत होतं की नव्हतं, ते आम्ही विचारलं नाही. हल्ली हे पुन्हा रंधा मारतात, कपड्यांत भुसा घेऊन येतात आणि पोटभर जेवतात. ओटा समुद्राकडच्या भिंतीला हलवला. मौलवीसाहेब म्हणाले, नकळत झालं ते अल्लाहला कबूल आहे. तरी आठ पंचे चाळीस नमाज मी वहीत लिहून फेडते आहे, एकतीस झाल्या.

रुमानाचा सलाम. यांचाही, पण तो भीत भीत.

तुमची भावजय,
रुकय्या

ता. क. फोटोतल्या लाल बाटल्यांमध्ये काय होतं, ते लिहायचं राहिलंच. मे महिन्यात तुम्हीच इसहाकबरोबर दोन कॅन कोकमाचं शरबत पाठवलं होतंत. तेच. आता कुणावर रागवायचं ते तुम्ही ठरवा.

ता. क. २. हे यांना कळू देऊ नका. हे समजतात, ओट्याने नोकरी वाचवली. वर उम्म सुलतान मला म्हणाली, शेख लाकडाचं नावही काढत नाही, रोज त्या लाल शरबताचंच विचारतो. इसहाक परतताना आणखी चार कॅन द्या. इकाम्याचं नूतनीकरण मोहरममध्ये आहे.

ता. क. ३. हे पत्र ओट्यापुढच्या स्टुलावर बसून लिहिलं. पाय दांडीला टेकले तेव्हा कळलं, यांनी न सांगता दांडी वीतभर वर घेतली आहे. ईदच्या सकाळी भावाला फोन कराच, आपा, सव्वीस दिवस तो फोन उशाशी घेऊन निजतोय. उचलणार मी. पण स्टुलावरून उतरायला मला वेळ लागतो, तेव्हा लगेच ठेवू नका.