डावा डोळा

लिंबायत, सुरत
जानेवारी १९९६, मंगळवार

डॉक्टरांनी आज मनगट धरून माझ्या डाव्या डोळ्याकडेच बघत सांगितलं, "ठोके वाढले की हा जास्त लवतो. घाबरू नका." यात नवीन काय? आईला कधीपासून ठाऊक आहे.

अण्णांचाही डावाच डोळा लवायचा. लूमवर उभे असताना पापणीवर थुंकीने सुताचा तुकडा चिकटवायचे, की तो थांबायचा. पण आई गावाहून यायची तेव्हा उधना स्टेशनात गाडी शिरली, की तुकडासुद्धा गळून पडायचा. तोंडाने मात्र "आलीस?" एवढंच. आई हसायची, "तुमना डोया सम्दं सांगी राहिना!"

अण्णा गेले त्याला वर्ष झालं का? झालंच.

संध्याकाळी जिना चढून आलो तर धाप लागलेली, डोळा लवतोय. आईने पदराचा दोरा तोडला, ओला केला, माझ्या पापणीपर्यंत आणला आणि हात तिथेच थांबला.

"राहू दे," म्हणाली. "तुना बापना मायकच लवस."

अण्णांसारखाच म्हणे. बघत बसली. मग माझी धाप ओसरली, डोळाही थांबला.

मी खाली उतरलो आणि पुन्हा जिना चढून आलो.