तानुबाई नावाची कोणी नव्हती

मी, सविता लिंबाजी खंदारे, वय ६७, निवृत्त शिक्षिका, राहणार सोनपेठ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ सिद्धोधन तो मागणारच. माझ्यावर कुणाचा दबाव नाही; दबाव टाकण्याइतके जवळ मी कुणाला येऊ दिलेले नाही.

१. राहते घर सिद्धोधनला द्यावे. वर्षभर तो येता-जाता अंगण पावलांनी मोजतो, ते मी खिडकीतून पाहते. मात्र माझी पाली पुस्तके आणि कॅसेटी बाहेर गेल्याशिवाय त्याला किल्ली देऊ नये. रद्दीवाल्याशी त्याचे बोलणे झाले आहे, असा माझा दाट संशय आहे.

२. ही पुस्तके, टेपरेकॉर्डर, बेचाळीस कॅसेटी आणि माझा अपुरा प्रबंध चारठाण्याच्या मनिषाला द्यावा. ती सध्या बौद्ध अध्ययनात पीएच.डी. करते. मी बी.ए.ला गाथा पाठ केल्या, एम.ए.ला त्यांचा अर्थ लावला आणि पीएच.डी.ला कपाटाला कुलूप लावायला शिकले. माझा विषय होता, छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या बायकांनी घरातल्या देवांचे काय केले. एसटीने गावोगाव फिरून बेचाळीस म्हाताऱ्या बायकांना मी बोलते केले.

३. माझे मार्गदर्शक डॉ. योगीराज यांना काहीही देऊ नये. माझे दुसरे प्रकरण त्यांनी चर्चासत्रात स्वतःचे म्हणून वाचले. जाब विचारला तर हसले. "बाई, अनत्ता शिकलात ना? मग 'माझं' कसलं?" 'मी' असे काही नसतेच, हा सिद्धांत त्यांना नेमका त्याच दिवशी आठवला.

मग मी सापळा लावला. तिसऱ्या प्रकरणात पोखर्णीची तानुबाई घातली. अशी बाई नव्हतीच. दोन वर्षांनी सरांचे पुस्तक आले, त्यात तानुबाई जशीच्या तशी! मला केवढा आनंद झाला. पण चोरी उघड करायची तर खोटी मुलाखत मी घातली, हेही सांगावे लागणार. मग माझ्या बेचाळीस खऱ्या बायकांवर कोण विश्वास ठेवणार? मी गप्प बसले आणि प्रबंध कधी सादर केलाच नाही. आज पाच जणांच्या प्रबंधांत तानुबाईचा दाखला आहे. न दिलेले घेणार नाही, खोटे बोलणार नाही, ही शीले आम्ही दोघेही रोज म्हणत होतो. एक त्यांनी मोडले, एक मी.

४. मनिषा प्रबंध बघायला आली तेव्हा तिला सरांनीच पाठवले असणार, असे मी धरून चालले. म्हणून तिलाही तेच प्रकरण दिले. ती तीनदा पोखर्णीला जाऊन आली. म्हणाली, "ताई, तिथं तानुबाई कुणालाच ठाऊक न्हाई. लय विचारलं. तुमच्याकून गावाचं नाव चुकलं असंल. मी कुणाला बोलले न्हाई." इतक्या वर्षांत पडताळून पाहणारी ही एकटीच. तिच्यावर संशय घेतल्याची मला लाज वाटते.

माझ्यामागे तिने हे मृत्युपत्र छापावे. माझे नाव खराब होईल, होऊ द्यावे. बेचाळीस बायकांचे आवाज कॅसेटींवर आहेत. ज्याला शंका असेल त्याने बसून ऐकावे.

५. तानुबाईच्या तोंडी मी घातलेले बोल असे: "सासू रडायलती, पर मी देव टोपल्यात घातले अन् गोदावरीत सोडले. पोटातल्या लेकराला शाळंत घालायचं माझ्या मनात व्हतं." नाव खोटे, पण बोल मी रचलेले नाहीत. ते माझी आई लक्ष्मीबाई हिचे आहेत. तिची मुलाखत सरांनी नाकारली होती. घरची बाई पुरावा म्हणून चालत नाही, म्हणाले. मीही मुकाट ऐकले, आणि आईचे बोल सापळ्याला आमिष म्हणून लावले. जिथे जिथे तानुबाई छापले आहे, तिथे आईचे नाव घालून घ्यावे. पोटातले ते लेकरू मी आहे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. चष्मा घरी राहिला, ही त्यांची सबब मी चालू दिली नाही.

सही: सविता लक्ष्मीबाई लिंबाजी खंदारे

साक्षीदार:
१. बन्सीधर मस्के, सोनपेठ (सही)
२. राजेश्री वाव्हळे, सोनपेठ (सही)

स्थळ: सोनपेठ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५